आईच्या नजरेतली मोकळी जागा

आई मला शोधत होती आणि मी तिच्या समोर उभी होते.

सुकुमारमामाच्या मुलीचं लग्न होतं, सांगलीतच. मुहूर्त जवळ आलेला, अक्षतांचं ताट माझ्या हातात, आणि आई हॉलच्या दारातून आत येत विचारत होती, "सनू कुठं गेली? अक्षता तिच्याकडं आहेत की."

तिची नजर माझ्या डावीकडच्या मावशीवर गेली, तिथून थेट उजवीकडच्या खांबावर. मधे मी होते. पैठणी नेसलेली, नाकात नथ, हातात भलं मोठं ताट. आपण भिंतीवरून नजर फिरवतो तशी तिनं ती माझ्यावरून फिरवली. मला वाटलं, रागावलीय. सकाळी पदराच्या पिनेवरून आमचं वाजलं होतं.

"आई," मी म्हटलं.

ती एवढी दचकली की शेजारच्या बाईंच्या हातातलं सरबत सांडलं. "अगं, कुठनं उगवलीस?"

"इथंच आहे की मघापासून."

"काहीतरी सांगू नको. आत्ता बघितलं मी इथं."

"दीपश्री, चष्मा बदल बाई आता," मावशी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. अक्षता वाटल्या, लग्न लागलं, जेवणात जिलेबी होती. दोन दिवस मी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. तिसऱ्या दिवशी आईनं मी दुकानात असताना बाहेरून शटर ओढलं आणि ती कुलूप लावून घरी निघून गेली. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

एरवी माझ्या आईच्या डोळ्यांची थट्टा करायची कुणाची हिंमत झाली नसती. हरभट रोडला आमचं मगदूम मॅचिंग सेंटर आहे. गिऱ्हाईक पिशवीतून साडी बाहेर काढतं न काढतं तोच आईची नजर छतापर्यंत लागलेल्या कापडांवरून फिरते आणि एका ठाणावर जाऊन बसते. गुलाबीच म्हणाल तर आमच्याकडे इतके आहेत की मोजायला बसलेलं माणूस वेडं होईल. पण आई काठी उचलून नेमकं ते एकच ठाण खाली ओढणार, साडीवर टाकणार आणि म्हणणार, "हे घ्या. उन्हात नेऊन बघा." बायका उन्हात नेऊन बघायच्या आणि मुकाट्यानं पैसे द्यायच्या. घाऊक व्यापाऱ्यानं रंग जुळवायचं एक यंत्र फुकट बसवून दिलं होतं. साडी समोर धरली की ते शेड सांगतं. आई त्यावर फॉलचे गठ्ठे ठेवते.

मी दहा वर्षांची असताना कृष्णेला मोठा पूर आला. माझे पप्पा, अभिनंदन मगदूम, गल्लीतल्या पोरांबरोबर पलीकडच्या वस्तीतली माणसं आणायला होडीतून गेले. होडी उलटली. बाकीचे सापडले. पप्पा सापडले नाहीत, जिवंत नाहीत आणि कसेच नाहीत.

माणूस गेलं की काही दिवस ते गर्दीत दिसत राहतं, हे कुणाला सांगायला नको. तोच शर्ट, तीच मान, तीच चाल, आणि काळजात धस्स होतं. जवळ गेल्यावर कुणी भलताच निघतो. हळूहळू ते थांबतं. आईचं थांबलं नाही, कारण पप्पांना अग्नी दिलेला तिनं बघितला नव्हता. शेकडो कापडांतून एक शेड उचलणारे डोळे आता एका माणसाच्या मागं लागले होते. बाजारात, देवळात, बँकेत, तिची नजर सारखी उडत असायची. बोलता बोलता ती वाक्य अर्धं सोडायची आणि कुणाच्या तरी पाठीकडे बघत राहायची.

"मी नाही ग बघत," ती मला सांगायची. "डोळेच जातात."

एकदा दुकानात चार गिऱ्हाइकं असताना ती काउंटरवरून उठली आणि चपला न घालता रस्त्यावर धावली. पलीकडे आकाशी शर्टातला एक माणूस चालला होता. टेम्पोवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. तो खाली उतरून शिव्या द्यायला लागला आणि आई त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, तो आकाशी शर्ट दिसेनासा होईपर्यंत. ती उठली तेव्हा माझा हात तिच्या हातात होता, तो तिनं कधी सोडला हे तिला नंतर आठवत नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता आईही जाणार.

मग सुकुमारमामानं मिरजेच्या दवाखान्याची बातमी आणली. मामाचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे जगातला प्रत्येक नवा उपचार आपल्यालाच आधी कळतो असा त्याचा समज. या वेळी मात्र तो खरा होता.

डॉक्टर सहस्रबुद्धे बाई उंच, किडकिडीत आणि भराभर बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आईला हात लांब करायला लावला.

"अंगठ्याचं नख बघा. दिसलं? कुठल्याही क्षणी तुम्हाला स्पष्ट दिसतं ते एवढंच. बाकी सगळं धूसर."

"छे! मला तर सगळी खोली दिसायलीय."

"तसं वाटतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो. प्रत्येक उडीत नखाएवढा एक तुकडा उचलतो. उडी चालू असते तेव्हा आपण जवळजवळ आंधळे असतो, पण मेंदू ते कळू देत नाही. तुकडे जोडतो, मधल्या जागा स्वतःच्या मनानं भरतो आणि वर सांगतो की हे घ्या, अख्खी खोली. आता सांगा, पुढची उडी कुठे मारायची हे कोण ठरवतं?"

"मी," आई म्हणाली.

"नाही. तुम्हाला कळायच्या आधीच ते ठरलेलं असतं. जे शोधायचं त्याचा एक नमुना मेंदू धरून ठेवतो. धूसर भागात त्या नमुन्याशी जरा जुळणारं काही दिसलं की डोळा तिकडे झेपावतो."

"म्हणजे आमचं दुकानच की," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाची साडी डोक्यात ठेवायची आणि ठाणांवरून डोळे सोडून द्यायचे."

"अगदी तसंच. फक्त तुमच्या हातातली ही एक साडी खाली ठेवली जात नाहीये."

उपचार ऐकायला साधा होता. पडद्यावर गर्दीची चित्रं दाखवायची आणि त्यात कुठेतरी हरवलेल्या माणसासारखा चेहरा ठेवायचा. डोळा तिकडे झेपावणार हे यंत्राला डोळ्याच्याही आधी कळतं. त्याच क्षणी डोक्याला लावलेल्या कड्यातून चुंबकीय लहरीची एक हलकी टिचकी मारायची. झेप तिथंच मोडते. असं पुन्हा पुन्हा केलं की डोळा शहाणा होतो आणि त्या चेहऱ्याच्या वाटेला जात नाही.

"आठवणींना आम्ही हात लावत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फोटो हातात घेतला तर ते दिसतील, रडू येईल, सगळं होईल. फक्त शोध थांबेल."

गावात या उपचाराला दृष्ट काढणं म्हणायचे. मिरजेला जाऊन दृष्ट काढून आली, असं बायका एकमेकींना सांगायच्या.

अडचण निघाली ती फोटोंची. वेगवेगळ्या कोनांतले, चालतानाचे, वळतानाचे पप्पा हवे होते. आमच्याकडे फोटो ढीगभर होते आणि त्यांत पप्पा नव्हते, कारण फोटो काढणारे तेच. आई होती, मी होते, पन्हाळा होता, हुरडा पार्टी होती. पप्पा फक्त लग्नाच्या फोटोंत सापडले आणि तिथं मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं.

"एवढ्यावर नमुना बनणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आई पडली मॅचिंगवाली. तिच्या धंद्यात नाही हा शब्द नसतो. तीच शेड नसली तर शेजारची दाखवायची आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं.

"ही चालंल काय?" तिनं मला पुढं केलं. "बापाचं तोंड घेऊन आलीय. चालतीयसुद्धा त्यांच्यासारखीच, पाय फाकवून."

बापाच्या तोंडवळ्याची मुलगी नशीबवान असते, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. आमच्याकडे कुणीही पाहुणा आला की माझी हनुवटी धरून हेच म्हणायचा. डॉक्टरबाईंना कल्पना आवडली. त्यांनी मला एका गोल खोलीत उभं केलं, हसवलं, चालवलं, मान वळवायला लावली. मग संगणकानं माझा चेहरा घेतला, वर्षं चढवली, लग्नाच्या फोटोंतलं जे मिळालं ते त्यात मिसळलं. पडद्यावर माझे गाल बसत गेले, जबडा रुंद झाला, आणि बघता बघता तिथं पप्पा उभे राहिले. आईनं तोंडावर हात दाबून धरला. मला तर इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या वर्गाला सांगितलं, माझ्यापासून माझे पप्पा बनवले म्हणून.

उपचार लागू पडला. महिन्याभरात आईची नजर स्थिर झाली. ती वाक्यं पूर्ण करायला लागली. एका रविवारी तिनं लग्नाचा फोटो मांडीवर घेतला आणि ती पोटभर रडली. मामा घाबरला, पण ते रडणं चांगलं होतं. त्यानंतर आमची कितीतरी वर्षं सुखाची गेली. आई दुकानात गाणी गुणगुणायची, रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडायची, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसायची. ते सगळं त्या बाईंनी दिलं. म्हणून मला त्यांचा राग धड करताही येत नाही.

मी मोठी होत गेले आणि माझे गाल बसत गेले. हे एवढंच झालं.

आधी बारीकसारीक गोष्टी होत्या. मी वाचत बसलेल्या खोलीतला दिवा आई घालवून जायची. ताट एकच घ्यायची. मी हाक मारली की "अगंबाई, आलीस होय," म्हणून दुसरं घ्यायची. मग ते लग्न झालं, मग ते शटर. मग एका दुपारी ती सोफ्यावर बसायला आली आणि माझ्या मांडीवर बसली. आम्ही दोघी किंचाळलो. नंतर ती खूप हसली, पण मी तिचे डोळे बघत होते. हसतानाही ते माझ्या डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सगळीकडे होते.

आईला स्वतःला काहीच खटकत नव्हतं, हे सगळ्यात भयंकर होतं. मेंदू मधल्या जागा स्वतःच्या मनानं भरतो. मी दिसत नाही म्हणजे मी बाहेर गेलेय, एवढं साधं उत्तर तिच्या मेंदूनं काढलं होतं. ती फोनवर मामाला सांगायची, "पोरीचा पाय घरात टिकंना झालाय बघ. दिवसभर मी एकटी." मी तिच्या शेजारी बसून वाटाणे सोलत असायची. मी बोलले की ती एकदम खूश व्हायची, दोन मिनिटं गप्पा मारायची. मी गप्प झाले की पुन्हा तिच्यासाठी दार वाजवून निघून गेलेली असायची. दिवसभर बोलत राहायला मी काही रेडिओ नाही. पण मी प्रयत्न केला, देवाशप्पथ केला. भडक कपडे घातले, हातात डझनभर बांगड्या भरल्या. बांगड्या वाजल्या की ती दाराकडे बघायची.

उत्तर सापडलं ते अचानक. कॉलेजातून मी स्कूटीवरून आले, उन्हामुळे तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे, सांगलीतल्या सगळ्या पोरी गुंडाळतात तसा. आईनं दारातच माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे.

"आलीस काय? किती ग ऊन. पाणी देऊ?"

मी भरभर स्कार्फ सोडला. आईची नजर माझ्यावरून घसरली आणि दाराच्या कडीवर जाऊन थांबली. "सनू?" ती म्हणाली. "परत कुठं गेली ही?"

त्यानंतर मी घरात स्कार्फ बांधूनच राहायला लागले. जेवताना तो खाली ओढायचा आणि घास गिळला की वर. आईला ते चमत्कारिक वाटायचं, पण मी धुळीची ॲलर्जी सांगितली. स्वतःच्या घरात मी तोंड झाकून वावरत होते, आणि तरी मला बरं वाटत होतं. आई निदान माझ्या स्कार्फकडे तरी बघत होती.

वर्षातून एकदा मिरजेला तपासणी असायची. या वेळी मी डॉक्टरबाईंना आधी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीचा एक फोटो मागवून घेतला. फोटोत मी कॉटवर एक गुडघा वर घेऊन बसले होते. आईसमोर तो फोटो लावला गेला आणि तिला सांगितलं, "यात सनू कुठंय, दाखवा."

आईनं बराच वेळ बघितलं. "यात नाही ती. खोली तेवढी आहे आमची."

तिला बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी त्यांच्या बाजूचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर फोटो नव्हता; आईचा डोळा जिथं जिथं टेकला तिथं पांढऱ्यावर एकेक लाल ठिपका होता. खिडकीच्या पडद्यावर, पंख्यावर, कपाटावर, कॉटच्या चादरीवर, उशीवर, ठिपक्यांवर ठिपके. मधे एक पांढरी जागा होती. डोकं, मान, खांदे, वर घेतलेला गुडघा. कात्रीनं कापावी इतकी स्वच्छ कड. एकही ठिपका आत गेलेला नव्हता.

"तिच्या डोळ्यांना तू कुठे आहेस ते बरोबर माहीत आहे," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं चुकवता येत नाही."

"हे उलटं करता येईल?"

"येईल. झेप मोडण्याऐवजी तिला जोर द्यायचा. पण आपण तो नमुना तुझ्यावरून बनवला होता. त्यात तू किती आणि वडील किती, हे आता मला वेगळं काढता येणार नाही. तू परत आलीस की त्यांचा शोधही परत येईल."

येताना मामा गाडी चालवत होता. आई मागं झोपली होती. मामा कुजबुजला, "तिला सांगू नको काही. सुखात आहे बिचारी. तू काय, उद्या लग्न होऊन जाशील."

"आणि तोवर?"

"तोवर बांध की स्कार्फ."

मामावर माझा जीव आहे, पण त्या क्षणी त्याला गाडीतून ढकलून द्यावंसं वाटलं.

मी खरंच काही दिवस गप्प राहिले. आकाशी शर्ट आणि टेम्पोचा तो ब्रेक मी विसरले नव्हते. आई जिवंत होती, गुणगुणत होती. तिला माझा चेहरा दिसावा म्हणून तिचं सुख मोडायचं का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारायची आणि रोज उत्तर बदलायची. मग एक दिवस दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "लेक काय करतीय?" आणि आई म्हणाली, "असते कुठं कुठं. तिला आई नकोशी झालीय." मी काउंटरला टेकून उभी होते, स्कार्फ धुवायला टाकलेला.

घरी जाऊन मी ओला स्कार्फ तसाच बांधला आणि तिच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि मधेच "काहीतरीच" म्हणत होती.

"हात लाव माझ्या गालाला," मी म्हटलं. "काढू नको. आता मी स्कार्फ सोडते."

मी गाठ सोडली. आईचे दोन्ही हात माझ्या गालांवर होते आणि तिची नजर माझ्या मागच्या घड्याळावर. मग खिडकीवर. मग स्वतःच्या हातांवर आली आणि तिथून उडाली. तिची बोटं माझ्या नाकावरून, भुवयांवरून फिरायला लागली.

"सनू, बोलत राहा," ती म्हणाली. "थांबू नको. बोल काहीतरी."

मला काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी शाळेतला सतराचा पाढा म्हणायला लागले. आई रडत होती. सतरा नव्वे त्रेपन्नाशे झाल्यावर तिनं डोळे पुसले.

"उद्या जायचं मिरजेला."

"आई, पप्पांचा शोध परत सुरू होईल. नीट विचार कर."

"होऊ दे. नवरा शोधत हिंडले तर लोक येडी म्हणतील. त्याची मला सवय आहे. पण पोर समोर बसलेली दिसंना, हे मी कुणाला सांगू?"

पुन्हा कडं, पुन्हा गर्दीची चित्रं, फक्त आता टिचकी झेप मोडत नव्हती, तिला पुढं ढकलत होती. आठवडे गेले. मी बाहेरच्या बाकावर बसून राहायची. एका सकाळी दार उघडलं, आई बाहेर आली, आणि त्या भरगच्च व्हरांड्यातून तिचे डोळे एका उडीत माझ्यावर आले.

"अगं बाई," ती म्हणाली. "केस कधी कापलेस?"

"गेल्या वर्षी."

"आणि मला कुणी सांगितलं नाही? किती वाळलीयास. डोळ्यांखाली काय झालंय हे?" तिथंच, सगळ्या पेशंटांसमोर, ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिली, आणि मी लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. डॉक्टरबाईसुद्धा दाराशी उभ्या राहून डोळे टिपत होत्या. त्या दिवशी आम्ही मिरजेतच डोसा खाल्ला. आई माझ्याकडे बघत खात होती आणि चटणी तिच्या साडीवर सांडत होती. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

पप्पांच्या शोधाची आम्ही धास्ती घेतली होती. मी रस्त्यात तिचा दंड धरून चालायची. पण तिचे डोळे कुणा परक्या पाठीमागं गेले नाहीत. बाजारात नाही, देवळात नाही. मामा म्हणाला, बघ, उगीच घाबरत होतो आपण.

तिचे डोळे माझ्यावर होते. मी घरात जिकडे जाईन तिकडे ते यायचे. मी पाणी प्यायला उठले की ते उठायचे. स्वयंपाकघरातून पाठ फिरवून बाहेर यावं, तरी मानेवर नजर जाणवायची. पहिले काही दिवस मला ते गोड वाटलं. इतक्या वर्षांची भरपाई करतेय, म्हटलं. मग दुकानात तिनं एका बाईला मोरपंखी साडीवर हिरवा ब्लाउजपीस फाडून दिला. आयुष्यात पहिल्यांदा. बाई भांडत होती आणि आई तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

मी डॉक्टरबाईंना फोन केला.

"शोधायचं ते सापडलं की डोळा थांबतो," त्या म्हणाल्या. "तेवढंच असेल."

"काय सापडलं पण?" मी विचारलं.

त्यांनी पुढच्या आठवड्यात येऊन जायला सांगितलं.

काल दुपारी मी बँकेतून दुकानात आले. बाहेर ऊन होतं, आत कुणी गिऱ्हाईक नव्हतं. आई काउंटरवर फॉलची घडी घालत होती. पायरीवर माझा पाय वाजला आणि तिनं मान वर केली. तिचे डोळे मला शोधत आले नाहीत. माझी जागा आधीच माहीत असल्यासारखे ते सरळ येऊन माझ्यावर टेकले.

तिच्या हातातली घडी सुटली. तिनं पदर सारखा केला, कपाळावरची बट मागं सारली. तिच्या चेहऱ्यावर लाज होती, आनंद होता, आणि ती कितीतरी तरुण दिसत होती. तिचा हा चेहरा मी आजवर बघितलेला नव्हता. तो मुलीला दाखवायचा चेहराच नव्हे.

"आलात?" ती म्हणाली. "कुठं होतात हो इतकी वर्षं? किती शोधलं तुम्हाला."

मी पायरीवरच थांबले. मला फक्त आई म्हणायचं होतं. माझा आवाज तिच्यासारखा आहे, पप्पांसारखा नाही. एक शब्द उच्चारला असता तर ती दचकली असती, भानावर आली असती आणि तिच्यासमोरून पप्पा गेले असते. दुसऱ्यांदा, तिच्या डोळ्यांदेखत. आणि तिनं मला बघितलं असतं का? की पुन्हा ती पांढरी जागा? मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझी आई माझ्याकडे बघतेय, कुणी कुणाकडे बघू शकेल तितकं डोळे भरून, आणि ती नजर माझ्यावरून जाऊ नये.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली. "आलात ना?"

मी ओठ घट्ट मिटले आणि होकारार्थी मान हलवली.